वाचकांचे प्रश्न : नवा टॅटू भरून येईपर्यंत

टॅटू काढून झाल्यावर पुढचा महिनाभर त्याची काळजी कशी घ्यायची, यावर आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. दुर्लक्ष झालं म्हणून टॅटू बिघडला, अशी पत्रं थोडी आहेत. मलम, जंतुनाशक, प्लॅस्टिक आणि पुन्हा मलम असा मारा करून बिघडल्याची मात्र भरपूर. त्यामुळे पुढच्या उत्तरांत ‘हे करू नका’ जरा जास्तच वेळा येईल.

प्रश्न : काल संध्याकाळी दंडावर पंजाएवढा टॅटू काढला. साधी क्लिंग फिल्म गुंडाळून दिली आणि ‘उद्या धुवा’ एवढंच सांगितलं. रात्रभरात आत काळं पाणी साचलंय. फिल्म कधी काढू? आणि धुवायचं म्हणजे नेमकं कसं?

फिल्म आत्ता काढा. साध्या क्लिंग फिल्मचं काम तुम्हाला धूळ न लागता घरी पोहोचवण्यापुरतं असतं, दोन ते चार तास फार झाले. तिच्यातून वाफ बाहेर जात नाही. घाम, लस (म्हणजे जखमेतून पाझरणारा पातळ द्रव) आणि उष्णता आत कोंडते आणि जंतू वाढायला तेवढं पुरतं. एकदा काढलेली फिल्म पुन्हा गुंडाळू नका.

काळ्या पाण्याला घाबरू नका. टॅटूची सुई त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर खोल जाते आणि वरच्या थराखाली, अंतस्त्वचेत, शाई सोडते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून टॅटू टिकतो. पण सुई जाता-येता वरच्या थरातही शाई सांडते. ती लस आणि थोड्या रक्ताबरोबर पहिल्या एक-दोन दिवसांत बाहेर येते. ती जायचीच असते.

आता धुणं. आधी स्वतःचे हात साबणाने किमान २० सेकंद धुवा, नखांच्या आतूनही. पाणी कोमट घ्या, कढत नको. नळाची किंवा शॉवरची धार थेट टॅटूवर सोडू नका, थोडी वर सोडून पाणी ओघळू द्या. बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचे एक-दोन थेंब तळहातावर फेसाळून बोटांच्या टोकांनी हलके गोल फिरवा. स्पंज, घासणी, कापड यांतलं काही वापरू नका. घरात सगळ्यांच्या हाताला लागणारी साबणाची वडीही नको.

पहिल्या धुण्याला वेळ लागतो, कारण अर्धवट वाळलेल्या लसीचा बुळबुळीत थर टॅटूवर बसलेला असतो. तो एका दमात खरवडायला जाऊ नका. पाणी, फेस, पुन्हा पाणी असं दोन-तीनदा करा. बोटाखाली बुळबुळीत लागायचं थांबलं, की धुऊन झालं. हा थर राहिला तर तोच वाळून जाड खपली होते आणि पुढची अर्धी दुखणी त्या खपलीतून निघतात. नंतर कोऱ्या पेपर टॉवेलने टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही. अंगाचा टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात आणि तो दिसतो तेवढा स्वच्छही नसतो. मग १०-१५ मिनिटं तसंच उघडं राहू द्या आणि त्यानंतर मलम लावा.

पहिले तीन-चार दिवस दिवसातून दोन-तीनदा आणि पुढे पापुद्रे निघून जाईपर्यंत दोनदा धुणं पुरेसं आहे. पाच-सहा वेळा धुतल्याने टॅटू जास्त स्वच्छ होत नाही, कोरडा पडून तडकतो.

प्रश्न : मला पारदर्शक चिकट फिल्म लावून दिली आहे, जिला ‘सेकंड स्किन’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी आत शाईचा फुगा आलाय. सुईने टोचून पाणी काढू का?

मुळीच टोचू नका. ही पॉलियुरेथेनची फिल्म वाफ बाहेर सोडते, पण पाणी आणि जंतू आत येऊ देत नाही. हा गुण ती अखंड असेपर्यंतच असतो. भोक पडलं की तिच्या आत बंद ओलावा आणि बाहेरचे जंतू एकत्र येतात.

फुगा लहान असेल आणि चारही कडा घट्ट चिकटलेल्या असतील, तर तसाच राहू द्या. पाणी कडेपर्यंत पोहोचलं, झिरपू लागलं किंवा एखादा कोपरा उचलला गेला, तर फिल्म त्याच दिवशी काढायची. उचललेला कोपरा दाबून बसवण्यात अर्थ नाही. सर्वांत जास्त पाझर पहिल्या दिवशी असतो, म्हणून अनेक आर्टिस्ट पहिला तुकडा २४ तासांनी काढायला सांगतात. टॅटू धुऊन त्वचा पूर्ण कोरडी केली, की दुसरा तुकडा लावायचा आणि तो तीन ते पाच दिवस ठेवायचा. आधी मलम लावलं असेल तर तो चिकटणारच नाही. टॅटूच्या बाहेर सगळीकडून २-३ सेंटिमीटर कोरडी त्वचा फिल्मखाली यायला हवी. बहुतेक वेळा फिल्म गळते ती हे अंतर कमी पडल्यामुळे.

काढताना घाई नको. कोमट शॉवरखाली उभं राहून एक कोपरा सोडवा आणि फिल्म वर न ओढता त्वचेला समांतर ताणा, रबर ताणतो तशी. ताणल्यावर गोंद आपोआप सुटतो. दिशा केसांच्या वाढीची ठेवा. सुकी फिल्म खसकन ओढली तर खालची कोवळी त्वचा सोबत येते.

फिल्मच्या आकाराची, सरळ कडांची लाली आणि बारीक खाजरी पुरळ दिसली, विशेषतः टॅटूबाहेरच्या त्वचेवर, तर ती गोंदाची ॲलर्जी आहे. फिल्म काढा आणि पुन्हा वापरू नका. पू किंवा दुर्गंध असेल तर वरून कोणतीही फिल्म लावायची नाही.

प्रश्न : मलम नेमकं कोणतं आणि किती? प्रत्येक जण वेगळं सांगतो. पेट्रोलियम जेली, अँटिबायोटिक मलम, तेल, सगळी नावं ऐकून झाली.

आधी ‘किती’ पाहू, कारण तिथेच जास्त चुकतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम मलम. ते दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरतं. म्हणजे पंजाएवढ्या टॅटूला त्याच्या निम्मं. लावल्यावर त्वचा किंचित ओलसर दिसावी. आरशासारखी चकाकत असेल तर पेपर टॉवेल टेकवून जास्तीचं टिपून घ्या. मलमाचा जाड थर दिला तर त्वचा पांढुरकी, सुरकुतलेली होते, खपल्या भिजून फुगतात आणि कपड्याला लागताच शाईसकट तुकड्यांनी निघतात. आजूबाजूला बारीक पुळ्याही उठतात.

‘कोणतं’ हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पहिले दोन-तीन दिवस टॅटूसाठी मिळणारं किंवा पँथेनॉल असलेलं साधं मलम आणि पुढे बिनवासाचं, बिनरंगाचं मॉइश्चरायझर. एकच धरा. दर दोन दिवसांनी बदललं तर पुरळ कशाने आली ते कळायला मार्ग उरत नाही. बोट डबीत बुडवून घेण्यापेक्षा ट्यूब किंवा पंप बरा.

पेट्रोलियम जेलीने लगेच काही बिघडत नाही, पण ती वाफ अडवते आणि माणसं ती थापतात, म्हणून आम्ही ती सुचवत नाही. संसर्ग नसताना अँटिबायोटिक मलम लावू नका. त्यातल्या निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. तिची लाली संसर्गासारखी दिसते, म्हणून माणूस तेच मलम आणखी लावतो आणि लाली आणखी वाढते. जंतुनाशक लिक्विड, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांना जंतू आणि नवी पेशी यांतला फरक कळत नाही. रोज लावलं तर जखम भरायला उशीर होतो. स्टेरॉइडची क्रीम खाजेवर चटकन गुण देते, पण भरणं मंदावते आणि संसर्ग झाकून टाकते. घरातल्या उघड्या बाटलीतलं तेलही नको.

बधिर करणारी क्रीम टॅटू काढल्यानंतर लावण्याबद्दल दोघांनी विचारलं आहे. त्यांना कळकळीने सांगतो, लावू नका. त्यातलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध उघड्या त्वचेतून थेट रक्तात शोषलं जातं. मोठ्या भागावर, त्यातही वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं असेल तर, झटके येण्यापर्यंत आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुखत असेल आणि इतर काही अडचण नसेल, तर पॅरासिटामॉलची गोळी पुरते.

प्रश्न : सातव्या दिवशी रंगीत पापुद्रे निघायला लागले. खालचा टॅटू धुरकट दिसतो. रंग निघून गेला का?

नाही. चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास पापुद्रे सुटू लागतात आणि दोन आठवड्यांपर्यंत चालतात. एखादा पापुद्रा पाण्यात पडला की जवळून पाहा. तो पातळ, अर्धपारदर्शक असतो आणि त्यावर तुमच्या रेघेचीच फिकट प्रत दिसते. ही शाई वरच्या मेलेल्या थरातली आहे, खालची जागच्या जागी आहे.

धुरकटपणा नव्या त्वचेचा असतो. ती सुरुवातीला अपारदर्शक आणि चकचकीत असते, चिमटीत धरली तर बारीक सुरकुत्या पडतात. तिच्या आडून काळा रंग राखाडी दिसतो. तीन ते सहा आठवड्यांत ती निवळते. तोवर टॅटूचा निकाल लावू नका आणि आर्टिस्टकडेही धाव घेऊ नका.

पापुद्रा आणि खपली यांत मात्र फरक करा. धुताना आपोआप वाहून गेला तो पापुद्रा. एका कडेने धरून असलेला तुकडा ओढलात आणि चुरचुरलं, खाली ओला गुलाबी ठिपका दिसला, तर तुम्ही खपली उपटलीत. तिच्याबरोबर खालची शाईही येते आणि तिथे फिका डाग राहतो. जाड खपल्या येण्याची कारणं ठरलेली आहेत : एकाच जागी सुई फार वेळ फिरली, लस नीट धुतली गेली नाही किंवा टॅटू अगदी कोरडा ठेवला. कारण काहीही असो, उपाय एकच आहे. धुवा, अगदी पातळ मॉइश्चरायझर लावा आणि सोडून द्या. झोपेत चादर किंवा कपडा चिकटला तर ओढू नका, कपड्यासकट तो भाग कोमट पाण्याखाली धरा, मिनिटभरात सुटतो.

प्रश्न : खाज सहन होत नाही. काय करू?

खाजवू नका आणि चोळू नका. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ पाच मिनिटं टॅटूच्या कडेला धरा, किंवा टॅटू धुऊन मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरवा. बऱ्याच वेळा खाज कोरडेपणाचीच असते. नखं कापून ठेवा, कारण रात्री झोपेत हात जातोच. खाजेने झोप लागत नसेल तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी घेता येते. खाजेबरोबर पुरळ आणि फोड असतील तर मात्र पुढची दोन उत्तरं वाचा.

प्रश्न : माझ्या मुलीने चार दिवसांपूर्वी पोटरीवर टॅटू काढला. मला सूज आणि लाली दिसते. ती म्हणते, ‘आई, असं होतंच.’ वाट कुठवर पाहायची?

मुलीचं म्हणणं पहिल्या तीन दिवसांपुरतं खरं आहे. त्या काळात सूज, ऊब, उन्हाने भाजल्यासारखी चुरचुर आणि पातळ पाझर असणं साहजिक आहे. त्यानंतर पाहायची ती दिशा. आज कालच्यापेक्षा थोडं बरं असलं पाहिजे. चौथ्या दिवसानंतर दुखणं, ऊब किंवा लाली वाढत असेल, तर संसर्ग गृहीत धरून डॉक्टरांना दाखवा.

दिशा ओळखायला पेन वापरा. लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने कडेकडेने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. काही तासांत लाली रेघ ओलांडून गेली, तर उद्याची वाट पाहायची नाही. सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली लालसर दिसतच नाही, ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते. म्हणून अशा त्वचेवर डोळ्यांपेक्षा हातावर विसंबा. हाताची मागची बाजू आधी दुसऱ्या पोटरीवर आणि मग टॅटूशेजारी टेकवा. ऊब जास्त लागते का, त्वचा कडक आणि ताणलेली आहे का, साध्या स्पर्शाने दुखतं का, हे पाहा.

लस आणि पू यांतही गल्लत होते. लस पातळ, पारदर्शक किंवा किंचित पिवळसर असते आणि वाळून मधाच्या रंगाचा पातळ थर होतो. पू घट्ट, गढूळ, पिवळा-हिरवा असतो आणि अनेकदा वास मारतो.

पुढचं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा : ताप आणि थंडी वाजणं, टॅटूपासून वर जांघेकडे किंवा काखेकडे चढत जाणारी लाल रेघ, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फार जास्त वेदना, काळसर फोड, ग्लानी.

पोटरीबद्दल थोडं वेगळं. पोटरी आणि घोटा या जागा गुरुत्वाकर्षणाने जास्त सुजतात आणि संध्याकाळी सूज वाढते. पाय छातीपेक्षा उंच राहील असे उशीवर दिवसातून तीन-चारदा २० मिनिटं ठेवायला सांगा. तेवढ्याने उतरणारी सूज काळजीची नाही. अख्खी पोटरी घट्ट, दुखरी झाली असेल आणि पाय उंच ठेवूनही काही फरक पडत नसेल, तर ती रक्ताची गुठळीही असू शकते. ते त्याच दिवशी तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना टॅटूची तारीख, काय काय लावलं त्याची यादी आणि रोज एकाच उजेडात काढलेले फोटो न्या. मागच्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घरी सुरू करू नका. अर्धवट मात्रेने संसर्ग दबतो आणि तपासणीत जंतू सापडत नाही.

एक प्रकार डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकतो. एक ते तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, फक्त राखाडी शेडिंगच्या भागात बारीक लाल गाठी उठतात. ताप नाही, पू नाही. हे क्षयाच्या जंतूच्या नात्यातले, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया असू शकतात. २०११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला अशी १९ जणांना लागण झाली होती आणि तिचं मूळ आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईत सापडलं. काळी शाई साध्या पाण्याने पातळ केली तरी हा धोका असतो. ती निर्जंतुक द्रवानेच पातळ करतात ना, हे खुर्चीत बसण्याआधी विचारायला संकोच करू नका. या गाठींवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. त्वचेचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो आणि औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं. म्हणून ‘गाठी फक्त राखाडी भागातच आहेत’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : टॅटू वर्षभरापूर्वी छान भरला. आता फक्त लाल फूल फुगलंय आणि खाजतं. काळा भाग व्यवस्थित आहे.

लाल रंगाची ॲलर्जी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. सगळ्या रंगांत लाल याबाबतीत कुप्रसिद्ध आहे, आणि ही ॲलर्जी काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही उमटते. उन्हात गेल्यावर वाढते का, ते पाहून ठेवा. तुमच्या काळजीत काही कमी पडलेलं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइडची क्रीम किंवा इंजेक्शन हा पहिला उपचार असतो. लेझरने काढून टाकायची घाई करू नका, कारण लेझरने शाई फुटून शरीरात पसरते आणि ॲलर्जी भडकू शकते. पुढच्या टॅटूत लाल आणि त्याच्या छटा टाळा.

प्रश्न : दहा दिवसांनी समुद्रावर जायचं ठरलंय. वॉटरप्रूफ फिल्म लावून पोहलं तर चालेल?

नाही. पोहण्याचा तलाव, समुद्र, नदी, टब, सगळं पापुद्रे निघून त्वचा पूर्ण बंद होईपर्यंत, म्हणजे किमान तीन-चार आठवडे बंद. शॉवर चालतो, कारण तो भिजवून ठेवत नाही. पोहताना फिल्मची कड सुटते, तिच्या आत पाणी शिरतं आणि तिथेच अडकतं. उघड्या टॅटूपेक्षा हे वाईट.

समुद्राबद्दल विशेष सांगायला हवं. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. यकृताचा जुना आजार असलेला ३१ वर्षांचा एक माणूस पाच दिवसांच्या टॅटूसह मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि त्याच संसर्गाने दगावला. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ही नोंद प्रसिद्ध झाली. सशक्त माणसाला एवढा धोका नसतो. पण यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल, तर आठवडे मोजत बसण्यापेक्षा टॅटू सहलीनंतर काढा.

प्रश्न : जिम आणि काम किती दिवस बंद ठेवायचं?

दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग टॅटू कुठे आहे त्यावर ठरवा. कोपर, गुडघा, खांदा इथे प्रत्येक हालचालीने त्वचा ताणते आणि खपली फुटते, तिथे आठवडाभर त्या भागाचा व्यायाम टाळा. घामापेक्षा जिमचे बाक आणि मॅट जास्त वाईट, तिथे दुसऱ्यांच्या त्वचेवरचे जंतू असतात. व्यायाम झाला की लगेच धुवा. सिमेंट, ग्रीस, रसायनं किंवा जनावरं हाताळण्याचं काम असेल तर सैल, स्वच्छ, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घाला आणि रोज बदला. पायाच्या टॅटूवर घट्ट मोजे आणि बूट नकोत.

प्रश्न : सनस्क्रीन आणि दाढी-वॅक्सिंग कधीपासून?

त्वचा पूर्ण बंद होईपर्यंत सनस्क्रीन लावायचं नाही, कपड्याने झाका. नंतर किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, तेही कायमचं, कारण ऊन शाई फिकी करतं. वस्तरा तीन-चार आठवड्यांनी, हात फिरवून त्वचा सपाट लागली की. वॅक्सिंगला आणखी महिनाभर थांबा.

प्रश्न : रेघांच्या बाजूला निळसर सावली पसरली आहे. मी काळजी नीट घेतली नाही का?

सावली हिरवी-पिवळी होत दोन आठवड्यांत गेली, तर तो मुका मार समजा. राहिली तर तो ब्लोआउट. सुई फार खोल गेली की शाई अंतस्त्वचेखालच्या चरबीत उतरते आणि तिथे पसरते. मनगटाची आतली बाजू, घोटा, बोटं अशा पातळ त्वचेवर हे जास्त होतं. मलमाने हे घडत नाही आणि मलमाने जातही नाही. आर्टिस्टने ‘तुम्हीच नीट सांभाळला नाहीत’ म्हटलं तर मान्य करू नका. रेघ थोडी जाड करून किंवा शेडिंग देऊन झाकता येते, पण सहा ते आठ आठवड्यांनीच. फिके डाग भरायचा टच-अपही त्याच सुमारास. त्याआधी सुई लावली तर अर्धवट भरलेली त्वचा पुन्हा फाटते आणि व्रण राहतो.

प्रश्न : मला मधुमेह आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. टॅटू काढावा का? नंतर रक्तदान आणि एमआरआय करता येतं का?

साखर आटोक्यात असेल तर बहुतेकांना काढता येतो, पण आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. साखर चढलेली असताना जखम हळू भरते आणि संसर्ग लवकर होतो. पाऊल, घोटा आणि नडगी या जागा मधुमेहात टाळा, तिथे रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही कमी झालेली असू शकते, म्हणजे बिघडलेलं तुम्हाला जाणवणारही नाही. रक्त पातळ होण्याची गोळी टॅटूसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती थांबवण्याचा धोका टॅटूपेक्षा कितीतरी मोठा आहे. आर्टिस्टला आधी सांगा आणि टॅटू छोटा ठेवा. रक्त जास्त वाहिलं तर शाई नीट बसत नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्यांनी औषध संपल्यावर सहा महिने थांबावं, असं सहसा सांगतात. ज्यांच्या जखमांचे व्रण फुगून वाढतात, म्हणजे कीलॉइड होतं, त्यांनी टॅटू न काढणंच चांगलं.

रक्तदानाचा नियम देशागणिक वेगळा आहे, तीन-चार महिन्यांपासून वर्षभरापर्यंत थांबावं लागतं. रक्तपेढीत टॅटूची तारीख खरी सांगा. एमआरआय करता येतो. काही शायांत लोहाचे कण असतात, त्यामुळे क्वचित टॅटू गरम झाल्यासारखा किंवा ओढल्यासारखा वाटतो. तंत्रज्ञांना टॅटूबद्दल आधी सांगून ठेवा आणि मशीनमध्ये असताना चटका जाणवला तर तंत्रज्ञांना बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी बल्ब लगेच दाबा.